जुन्या स्पोर्ट्स कारला एलएसडी बसवण्याआधी आतलं चाक बघा

साताऱ्याहून कासकडे निघालेली एखादी जुनी एमजीबी, ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, यवतेश्वरच्या वळणातून बाहेर पडते. चालवणारा जरा लवकर ॲक्सिलरेटर दाबतो आणि मागचं आतल्या बाजूचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं. इंजिन ओरडतं, गाडी मात्र रेंगाळते. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एलएसडी टाकून घे.’ सल्ला चुकीचा नसतो, अपुरा असतो. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. या एकाच नावाखाली निरनिराळ्या स्वभावाच्या वस्तू विकल्या जातात. एक घाटात तुमची चूक सांभाळून घेते, तर दुसरी तीच चूक दुप्पट करून दाखवते.

आधी साधा डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच, काय करतो ते बघू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांब जावं लागतं. किती लांब? एमजीबीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.२५ मीटर आहे. पूर्ण उलटं फिरवणाऱ्या वळणात, म्हणजे आपण ज्याला हेअरपिन म्हणतो त्यात, बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ३.१४ गुणिले १.२५, म्हणजे जवळजवळ ३.९ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वळण आखूड असो वा ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती तर हे पावणेचार-चार मीटर टायरला दर वळणाला रस्त्यावर घासूनच काढावे लागले असते. म्हणून मध्ये स्टार पिनियन (आडव्या पिनवर फिरणारे छोटे गिअर) आणि साइड गिअर (प्रत्येक चाकाच्या दांड्याला जोडलेला गिअर) यांची जोडणी आली. ऑनेझिफोर पेक्यर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. आजच्या गाड्यांतलं तत्त्व तेच आहे.

या जोडणीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ‘जे चाक घसरतं त्यालाच डिफ सगळी ताकद देतो.’ तसं होत नाही. साधा डिफ दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, नेहमी सारखाच देतो. अडचण त्या सारखेपणातच आहे. घसरणाऱ्या चाकाला फिरायला फारसा जोर लागत नाही, म्हणून त्याला थोडाच मिळतो, आणि दुसऱ्या चाकालाही मग तेवढाच थोडा मिळतो. समजा, वळणात आतल्या चाकावर वजन कमी उरलंय आणि ते २०० न्यूटन मीटरपर्यंतच रस्ता धरू शकतं. बाहेरचं चाक ८०० पेलू शकतं. साधा डिफ २०० अधिक २००, एवढ्यावर थांबतो. बाहेरच्या चाकाची ६०० ची पकड वापराविना पडून राहते.

कराड-वाळव्याकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात रुतून फिरायला लागलं की तो पायाजवळचं डिफ लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट बाहेर येतो आणि वळायच्या आधी तो पेडल सोडून देतो. न सोडता वळायला गेलं तर ट्रॅक्टर नाकासमोर सरळ जातो, हेही त्याला ठाऊक असतं. एलएसडीचं काम या दोन टोकांच्या मधलं. सरळ जाताना, हळू वळताना त्यानं चाकांना मोकळं सोडायचं आणि जोर आला की काही प्रमाणात एकत्र बांधायचं. कशाच्या जिवावर बांधायचं आणि किती, यावरून त्याचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार, रेसवाल्यांचा लाडका, म्हणजे प्लेटवाला. ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीचं एक मागचं चाक ताशी १६० किलोमीटरपर्यंत कुठल्याही वेगाला फिरत राहायचं, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडे इलाज मागितला, तिथून मोटारींतल्या एलएसडीची गोष्ट सुरू होते. पुढे आलेल्या प्लेटवाल्यात केसच्या, म्हणजे डिफच्या बाहेरच्या कवचाच्या, आत क्लच प्लेटांचे दोन गठ्ठे असतात. स्टार पिनियनची आडवी पिन दोन प्रेशर रिंगांच्या मधल्या तिरक्या खाचेत बसवलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की पिन त्या उतारावर चढू बघते, रिंगा एकमेकींपासून लांब ढकलल्या जातात, प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. खाचेचा कोन जितका लहान, तितकी पकड जास्त. ३० अंशांची खाच ४५ वालीपेक्षा कडक, आणि ९० अंशांची जवळजवळ काहीच करत नाही. शिवाय आत स्प्रिंग असतात. त्या जोर नसतानाही प्लेटा थोड्या दाबून ठेवतात. याला प्रीलोड म्हणतात.

वन-वे, टू-वे हे शब्द कानावर येतात ते याच खाचांवरून. वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर बांधतो. टू-वे ॲक्सिलरेटर सोडून इंजिनच्या ब्रेकवर गाडी उतरत असतानाही तितकाच बांधतो. दीड-वे मधला. रेसमध्ये जोरात ब्रेक मारताना मागची बाजू शांत राहते म्हणून टू-वेचं कौतुक होतं. पसरणी घाट उतरून वाईकडे येताना मात्र तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, पाय वर ठेवून, एकामागून एक वळणं घेत असता. तिथं टू-वे बसवलेली गाडी वळायलाच तयार होत नाही, पुढचे टायर बाहेर सरकतात. रस्त्यावरच्या गाडीला टू-वे घेऊ नये, हे माझं ठाम मत.

दुसरा प्रकार गिअरवाला, म्हणजे टॉर्सेन आणि त्याचे भाऊबंद. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाच्या नावावर याचं १९५८ चं पेटंट आहे. ब्रिटिश क्वेफ कंपनीचा एटीबी नावाचा डिफ याच कुळातला, आणि एमजीबीसाठी तो मिळतो. यात प्लेटा नाहीत. तिरक्या दातांचे गिअर एकमेकांवर जोर देताना केसच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातूनच बांधणी होते. जोर आला की लगेच, जोर गेला की लगेच मोकळा. याची ताकद एका गुणोत्तरात सांगतात. गुणोत्तर २.५ असेल तर आतलं चाक जेवढं पेलतं त्याच्या अडीचपट बाहेरच्याला मिळू शकतं. वरच्या उदाहरणात २०० अधिक ५००, म्हणजे ७००. साध्या डिफच्या ४०० च्या पुढे ही मोठीच उडी आहे, आणि तीही झिजणाऱ्या प्लेटांशिवाय.

पण गणित नीट बघा. आतलं चाक हवेत उचललं गेलं तर ते काहीच पेलत नाही. शून्याची अडीचपट शून्यच. गिअरवाला अशा वेळी जवळजवळ साध्या डिफसारखा वागतो. हलका ब्रेक दाबून उचललेल्या चाकाला थोडा जोर लावायला देणं हा जुना उपाय आहे, पण तो ओढ्यातून बाहेर पडताना ठीक, वळणात नव्हे. प्लेटवाल्याला मात्र प्रीलोडचा आधार असतो. चाक हवेत असलं तरी स्प्रिंगांनी दाबून ठेवलेला तेवढा जोर दुसऱ्या चाकाकडे जातोच.

म्हणून खरा प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा नाही. तुमच्या गाडीचं आतलं चाक वळणात नेमकं काय करतं, हा आहे. हलकं होऊन रस्त्यावरच घसरतं, की उचललंच जातं? हे बघायला वेगाची गरज नाही. रिकाम्या, रुंद वळणावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागून येणाऱ्या मित्राला बघायला सांगा, जमलं तर शेजारी बसलेल्यानं फोनवर चित्रण करावं. डावं आणि उजवं वळण वेगवेगळं तपासा, कारण एमजीबीसारख्या सलग ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच कडक ॲक्सलवर असलेल्या, गाडीत एक खोडी असते. इंजिनचा जोर मागे आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ अख्ख्या ॲक्सलला मुरडतो आणि त्यात उजवं मागचं चाक वर उचललं जाऊ बघतं, डावं खाली दाबलं जातं. उजव्या वळणात आतलं चाक उजवंच, त्यामुळे त्याच्यावरचं वजन दोन कारणांनी कमी होतं. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणजे उजवी वळणं आपल्याला जास्त ऐसपैस मिळतात. तरीही चाक उजव्या वळणातच घसरत असेल आणि आखूड डाव्या वळणात घसरत नसेल, तर दोष वळणाचा नाही, ॲक्सलच्या मुरडीचा. हा एलएसडी घ्यायला चांगला मुद्दा आहे. बीएमडब्ल्यू २००२ किंवा डॅटसन २४०झेडमध्ये डिफ बॉडीला टांगलेला आणि मागची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र हलणारी असल्यामुळे हा प्रकार नसतो.

आतलं चाक हवेत जात असेल तर थेट प्लेटवाला मागवायच्या आधी ते का उचललं जातंय ते शोधा. मागे कुणी जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकं जोडणारा दांडा, बसवलाय का? तो आतल्या चाकाला बाहेरच्याबरोबर वर ओढतो. तो काढून टाकला की अनेकदा निम्मं दुखणं जातं. शॉक ॲब्सॉर्बर गेलेत का? एमजीबीचे जुने लिव्हरवाले शॉक आतलं तेल सुकलं तरी बाहेरून ठीकठाक दिसतात. टायर किती जुने आहेत? टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्या कमी धावतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र दगड झालेलं, हे दृश्य नेहमीचं. अशा टायरवर कुठलाही एलएसडी म्हणजे पैसे ओतणं.

आणि चाक घसरतच नसेल तर? १७९८ सीसीचं, ९५ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन, चांगले टायर, कोरडा रस्ता. अशी मूळ अवस्थेतली एमजीबी रविवारी वाईला जाऊन येत असेल तर तिला एलएसडीची गरज नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण नाही.

व्हिस्कस नावाचा आणखी एक प्रकार आहे. आत दाट सिलिकॉनचं द्रव आणि भोकं पाडलेल्या प्लेटा. दोन चाकांच्या वेगात फरक पडला, द्रव घुसळलं गेलं, की मग तो पकडतो. म्हणजे चाक आधी घसरणार आणि हा नंतर धावणार. माझदानं एमएक्स-५ च्या पहिल्या वर्षांत व्हिस्कस दिला होता आणि १९९४ पासून त्याजागी टॉर्सेन आणला. जुन्या गाडीतला जुना व्हिस्कस विकत घेऊ नका. आतलं द्रव म्हातारं झालं की दुरुस्ती नसते.

स्वस्तातला मोह म्हणजे साध्या डिफच्या आत दोन साइड गिअरांच्या मध्ये बसवायच्या स्प्रिंग आणि पट्ट्या. जोर असो नसो, त्या सारख्याच दाबत राहतात, गिअर खातात आणि तेलात लोखंडाचा चुरा सोडतात. त्याहून स्वस्त म्हणजे स्टार पिनियन वेल्ड करून टाकणं. एमआयडीसीतला कुठलाही वेल्डर हे दुपारच्या सुट्टीत करून देईल. ड्रिफ्टवाले करतात, म्हणून पोरं करतात. ते मघाचे ३.९ मीटर आठवा. यवतेश्वरच्या प्रत्येक हेअरपिनला ते टायरमधून आणि हाफ शाफ्टमधून, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यांमधून, वसूल होतात. पावसात अशी गाडी पोवई नाक्याच्या चौकात वळवतानासुद्धा आडवी होऊ शकते.

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. साध्या डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं बहुधा शांतपणे रस्ता धरून असतं आणि गाडीची मागची बाजू आडवी जाऊ देत नाही. एलएसडीत दोन्ही चाकं बांधलेली. सुटली तर दोन्ही एकदम सुटतात, आणि मागची बाजू बाहेर येते. जुलैत कासच्या रस्त्यावर धुकं, दरडीतून वाहून आलेली तांबडी माती, शेवाळ धरलेल्या कडा. तिथं एलएसडीवाली गाडी जास्त सुरक्षित नसते, जास्त नाजूक पायाची अपेक्षा ठेवणारी असते. प्लेटवाल्याची पकड जितकी कडक, तितकी ही अपेक्षा मोठी. गिअरवाला यात सगळ्यात सौम्य, कारण त्याची बांधणी जोराच्या प्रमाणातच चढते आणि पाय उचलला की सुटते.

आता टक्क्यांचं कोडं. जुन्या जर्मन गाड्यांचे डिफ २५ टक्के, ४० टक्के असे विकले जातात. ४० टक्के म्हणजे चाळीस टक्के लॉक, असं नाही. दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले दोघांची बेरीज, म्हणजे हा टक्का. एकूण १०० पैकी एकाला ७० आणि दुसऱ्याला ३० गेले तर फरक ४०. गुणोत्तरात मांडायचं तर ७० भागिले ३०, साधारण २.३. २५ टक्क्यांचा असेल तर ६२.५ भागिले ३७.५, म्हणजे जेमतेम १.७. त्यामुळे २.५ गुणोत्तराचा गिअरवाला ४० टक्क्यांच्या प्लेटवाल्याच्या थोडा पुढेच बसतो. दोन जाहिराती दोन भाषांत बोलत असल्या तरी एवढ्या गणितानं त्या शेजारी ठेवता येतात. झिजलेला ४० टक्केवाला आज किती उरलाय, हे मात्र उघडूनच कळतं. सेकंडहँड घ्यायचा तर प्लेटांच्या नव्या संचासह दुरुस्तीचा खर्च आधीच धरा.

एकूण, घाटातल्या हौशी फिरण्यासाठी, कधीमधी रॅलीसाठी, गिअरवाला घ्या. बसवा आणि विसरा. ट्रॅकवर नेमानं जात असाल, गाडी कडक केलेली असेल, आतलं चाक उचललं जातंच असेल आणि दर काही काळानं डिफ खाली उतरवायची तयारी असेल, तर प्लेटवाला, वन-वे किंवा दीड-वे, कमी प्रीलोडचा. ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांना वेगळी सूचना. ती गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं आपल्याकडे बनवलेल्या हेराल्डच्याच घराण्यातली. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत स्विंग ॲक्सल आहे. वळणात अचानक पाय उचलला तर मागचं चाक आत मुडपतं आणि गाडी उसळते. तिथं आधी सस्पेन्शन सुधारा, एलएसडी नंतर.

मागवताना ॲक्सल कोणता आहे ते खात्रीनं बघा. एमजीबीत सुरुवातीला बॅन्जो ॲक्सल होता, नंतर ट्यूब ॲक्सल आला, आणि एकाचा डिफ दुसऱ्यात बसत नाही. गाडीच्या वर्षावर विसंबू नका. पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून खाली वाकून बघा. परदेशातून आलेली वस्तू परत पाठवायची म्हणजे भाडं आणि कस्टम ड्यूटी दोन्ही बुडाली.

बसवणारा मिस्त्री निवडताना त्याला एकच गोष्ट विचारा: क्राऊन पिनियनची जोडी (डिफवरचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा) कशी जुळवता? एलएसडी बदलताना तुमचं मूळ क्राऊन व्हील नव्या केसवर चढतं. केसच्या मापात थोडाही फरक असला तर क्राऊन आणि पिनियनची बैठक हलते. शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे आणायचा, दातांना रंग लावून ठसा बघायचा, बेअरिंगचा दाब बघायचा. साताऱ्या-सांगलीकडे ट्रक आणि ट्रॅक्टरचे डिफ भरणारे हात पक्के आहेत, फक्त त्यांना डायल गेज वापरायला आणि वेळ घ्यायला सांगा. ‘अंदाजानं बसतो की’ म्हणणाऱ्याकडून गाडी घरी आणा. ठसा चुकला तर ८० च्या वेगाला कण्हण्याचा आवाज सुरू होतो आणि तो पुढे वाढतच जातो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासलेले असतात, त्यामुळे एक जुना, एक नवा असं चालत नाही.

काढलेला मूळ डिफ तेल लावून, गुंडाळून ठेवा. पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत आणि गाडी मूळच्या जवळ असणं कधीही फायद्याचंच. शिवाय अशी नोंदणी घेतली तर रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कारणांसाठीच आहे. रोज ऑफिसला नेण्यासाठी एलएसडी घेत असाल तर हे आधी बघा.

तेलाचं सोपं आहे. गिअरवाल्याला चांगलं जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबर पुरतं. प्लेटवाल्याला एलएसडीसाठीचंच तेल लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट ऐकू येते. दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले ठेवा. एका बाजूला लहान स्टेपनी लावून पुण्यापर्यंत गेलात तर सरळ रस्त्यावरही चाकांच्या वेगात फरक राहतो आणि प्लेटा अखंड घासतात.

गाडी दुसऱ्या कुठल्याही गॅरेजला दिली तर तिथल्या पोराला स्वतः सांगा, नुसती चिठ्ठी ठेवू नका: एकच मागचं चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये टाकायची नाही. साध्या डिफच्या सवयीनं त्याला वाटतं, वरचंच चाक फिरेल. एलएसडीत, विशेषतः प्लेटवाल्यात, जमिनीवरचं चाकही जोर घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे येऊ शकते. आणि दोन्ही चाकं वर उचलून, न्यूट्रलमध्ये एक हातानं फिरवून ‘दुसरं उलटं फिरतंय, म्हणजे यात एलएसडी नाहीच’ असं त्यानं जाहीर केलं, तर घाबरू नका. प्लेटवाल्यात दुसरं चाक सोबत फिरायला हवं हे खरं, पण गिअरवाल्यात ते बहुधा उलटंच फिरतं.